त्रेसष्ट पुस्तकांची बदली

शनिवारी शाळेच्या वाचनालयाला बाईंचं नाव देणार होते, आणि बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास बाईंच्या धाकट्या बहिणीला त्यांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात चोरीचा माल सापडला.

'चोरीचा माल' हे शब्द तिच्या मनात आले तेही बाईंच्याच आवाजात. खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या. बाईंना जाऊन महिना झाला होता, पण आवाज काही घर सोडून गेला नव्हता.

बाईंनी सदतीस वर्षं शिकवलं, आणि त्यांतली शेवटची बावीस वर्षं वर्ग सांभाळून वाचनालयही सांभाळलं. निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली तरी भाजीवाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. बहीण तेवढी ताई म्हणायची, आणि ताई तिला धाकटी. धाकटी बहात्तर वर्षांची झाली, तिचे गुडघे कुरकुरायला लागले, जावयाचे केस पांढरे झाले, तरी स्वयंपाकघरातून हाक यायची, "धाकटे, गॅस बंद केलास का?"

बाईंनी लग्न केलं नाही. धाकटीने केलं, तेही बदलीच्या नोकरीतल्या माणसाशी. नवरा गेल्यावर ती ताईकडे राहायला आली त्याला आठ वर्षं होऊन गेली होती. या आठ वर्षांत कपाटाचा खालचा कप्पा कधी उघडला नव्हता. किल्ली कुठे असते हे तिला ठाऊक होतं, ताईच्या पावडरच्या डब्यात. पण ताईच्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही हे तिच्या हाडीमांसी भिनलं होतं. आता विचारणार कुणाला? शाळेतून निरोप आला होता की बाईंची स्वतःची पुस्तकं नव्या कपाटात ठेवायची आहेत, शुक्रवारी गाडी येईल. म्हणून तिने डबा उघडला, किल्ली काढली, कप्पा उघडला आणि जमिनीवर फतकल मारून बसली.

पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्याच पानावर शाळेचा गोल शिक्का. खाली निळ्या शाईत दाखल नंबर. दुसऱ्यावरही तेच, तिसऱ्यावरही तेच. तिने अकरा पुस्तकं बघितली आणि मग सगळी बाहेर काढून मोजली. त्रेसष्ट भरली. एकूण एक शाळेच्या शिक्क्याची.

तिने लेकीला फोन लावला. लेक तासाभरात आली, चपला काढता काढता म्हणाली, "कोण पडलं?"

"कुणी पडलं नाही. हे बघ."

लेकीने दोन-चार पुस्तकं उलटून पाहिली. "अगं, ही शाळेची आहेत."

"ते मलाही वाचता येतं."

"मग मावशीकडे कशी?"

"तेच तर मी तुला विचारतेय."

मग लेकीने चहा टाकला, कारण ती काही सुचेनासं झालं की चहा टाकते.

खरं सांगायचं तर धाकटीला पहिल्या क्षणी धक्का बसला, दुसऱ्या क्षणी मात्र चिमूटभर बरं वाटलं. हो, बरं वाटलं! अकरा वर्षांची असताना तिने शाळेतून निळ्या खडूचा बोटभर तुकडा खिशात घालून आणला होता. ताई तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती. तिने खडू पाहिला, धाकटीचं मनगट धरलं आणि भर उन्हात परत शाळेत नेऊन वर्गशिक्षकांसमोर उभं केलं. "सांग काय आणलंस ते." त्या दिवसापासून धाकटीने दुकानातली सुटी टाचणीसुद्धा उचलली नव्हती. आणि ही बया त्रेसष्ट पुस्तकं घेऊन बसली होती! वा ग वा, ताईसाहेब!

ते बरं वाटणं चहा उकळेपर्यंतही टिकलं नाही. त्याच्या मागोमाग जे आलं ते फार वाईट होतं. साठ वर्षं ती ताईला समोर ठेवून वागली होती. मुलीला वाढवताना, शेजारणीशी भांडताना, नवऱ्याच्या ऑफिसातून कुणी भेटवस्तू पाठवली तर ती परत करताना, दर वेळी एकच विचार मनात यायचा, ताई काय म्हणेल? ती ताईच जर अशी, तर मग आपण इतकी वर्षं कुणाला घाबरत होतो?

"मी सांगते काय करायचं," लेक कप ठेवत म्हणाली. "पहिलं पान फाडून टाकू सगळ्यांचं. शिक्काही गेला, नंबरही गेला."

"एकतिसावं?"

"काय एकतिसावं?"

"एकतिसाव्या पानावर पण असतो शिक्का. वाचनालयाची गुप्त खूण असते ती. कुणी पहिलं पान फाडलं तर पकडता यावं म्हणून. ताईनेच सांगितलं होतं मला." धाकटीने एक पुस्तक उघडून दाखवलं. शिक्का होताच.

"मग एकतिसावंही फाडू."

"आणि पुढे विचारलं एकतिसावं कुठंय तर? त्यापेक्षा मी गळ्यात पाटी अडकवून उभी राहते ना शनिवारी."

"मग नको देऊस. सांग, पुस्तकं नाहीत म्हणून. राहू देत इथेच."

"शनिवारी मला बोलायचंय, बाळा. सगळ्यांसमोर. बाई कशा होत्या ते सांगायचंय. काय सांगू?"

लेक म्हणाली, "मुलं यायची वेळ झाली," आणि निघाली. दारातून वळून मात्र म्हणाली, "आई, मावशीने उगाच नसतील गं आणली." धाकटीला ते दुपारभर पुरलं.

दुपारी तिने चष्मा पुसला आणि एकेक पुस्तक नीट बघायला घेतलं. एक गोष्ट लगेच लक्षात आली. सगळी पुस्तकं दुखावलेली होती. कुणाची पाठ उसवून पुन्हा शिवलेली, कुणाच्या पानांना पारदर्शक कागदाच्या पट्ट्या, कुणावर चहाचा मोठा नकाशा. एकाचे दोन कोपरे कुणीतरी, बहुधा कुत्र्याने, चावून टाकलेले. एकाच्या मधल्या पानावर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. ही काय पुस्तकं वापरायची रीत? ताईकडे कुत्रा नव्हता. ताई तर पुस्तक वाचताना चहासुद्धा पलीकडच्या टेबलावर ठेवायची. चोरायचीच होती तर निदान धड तरी चोरायची.

दुसरी गोष्ट, प्रत्येक पुस्तकात शेवटच्या पानाशी एक चिठ्ठी होती. ताईच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द आणि तारीख. 'बदली.' सगळ्यात जुनी तारीख सेहेचाळीस वर्षांपूर्वीची. सगळ्यात नवी, ताई निवृत्त झाली त्याच्या आधीच्या महिन्यातली.

बदली! धाकटीला हा शब्द कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा सगळा संसार त्या एका शब्दावर चालला होता. नवरा संध्याकाळी घरी यायचा, बूट न काढता खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, "बदली." की लागलीच पोती, खोकी, दोऱ्या. तेहेतीस वर्षांत चौदा गावं. बदली म्हणजे इथलं उचलायचं आणि तिथे ठेवायचं. तेव्हा अर्थ स्वच्छ होता. ताईने पुस्तकं शाळेतून उचलली, घरी ठेवली आणि वर तारीखवार नोंदही केली. शिक्षिकाच ती! चोरीसुद्धा टापटिपीने केली.

एकाच चिठ्ठीवर वेगळं लिहिलेलं होतं. जनावरांच्या गोष्टींचं एक पातळ पुस्तक, मधली दहा-बारा पानं पार गायब. त्यात चिठ्ठी, 'बदली मिळेना.' तारीख नाही. धाकटीने ती तीनदा वाचली. बदली मिळेना हेही तिच्या घरातलंच वाक्य. नवऱ्याची आई आजारी होती तेव्हा दोन वर्षं तो तेच म्हणत फिरला होता. पण बदली मिळाली नाही तर हे पुस्तक इथे कसं आलं? बदली न मिळालेला माणूस जागेवरच राहतो ना?

त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. सकाळी तिने त्रेसष्टच्या त्रेसष्ट नंबर एका कागदावर उतरवले, दोन पातळ पुस्तकं पिशवीत टाकली आणि शाळेत गेली. जे काय असेल ते आज विचारायचं. शनिवारी खोटं बोलण्यापेक्षा गुरुवारी तोंड काळं झालेलं बरं.

वाचनालय शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी होतं. दारावर नवी पाटी बसवून वर्तमानपत्राने झाकून ठेवली होती. धाकटीने तिच्याकडे बघायचं टाळलं. आत लाकडी कपाटं, काचेची दारं, मधे लांब टेबल, खिडकीपाशी शिडी. मधली सुट्टी संपून गेली होती, त्यामुळे शांतता होती. ग्रंथपाल शिडीवर उभा राहून वरचा कप्पा पुसत होता. पन्नाशीला टेकलेला, ढेरी सुटलेला, पण शिडीवर अजून चपळ. बाई त्याला लहानपणापासून खारूताई म्हणायच्या.

"या या मावशी! तुम्ही कशाला जिने चढलात? गाडी उद्या पाठवतोय ना मी."

"गाडी राहू दे. मला एक पुस्तक बघायचंय. अकराशे सत्तेचाळीस नंबर."

ती मनातल्या मनात उत्तर ऐकून बसली होती. नाही मावशी, ते गहाळ आहे, फार वर्षांपूर्वीच गहाळ झालंय. पण ग्रंथपाल म्हणाला, "प्रवासवर्णनात असेल," टुणकन उतरला, तिसरं कपाट उघडलं आणि पुस्तक काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

धाकटीने पहिलं पान उघडलं. गोल शिक्का. निळी शाई. अकराशे सत्तेचाळीस. तिने पिशवीतलं पुस्तक काढून शेजारी ठेवलं. तेच नाव, तोच शिक्का. अकराशे सत्तेचाळीस.

"हे कसं शक्य आहे?" ग्रंथपालाचा चेहराच पडला. "एका नंबरची दोन पुस्तकं? मावशी, हे आमच्या धंद्यात महापाप आहे. एका नंबरला एक पुस्तक. जुळी चालत नाहीत." त्याने दोन्हींचं एकतिसावं पान उघडलं. दोन्हींवर शिक्का. "अक्षर बाईंचंच आहे दोन्हीकडे. कुठे मिळालं हे तुम्हाला?"

"ताईच्या कपाटात. अशी त्रेसष्ट आहेत." एकदाचं बोलून टाकल्यावर तिला थांबता येईना. "आणि बघवत नाहीत अशी. फाटकी, डागाळलेली. एकावर तर इस्त्रीचा डाग आहे, सर. पुस्तकाला कुणी इस्त्री करतं का?"

ग्रंथपाल हळूच स्टुलावर बसला. कान लाल झाले होते.

"करतं," तो म्हणाला. "पाणबुड्यांचं पुस्तक आहे ना ते? मधल्या पानावर डाग?"

"तुला काय ठाऊक?" गडबडीत ती सर म्हणायचं विसरली.

"मी पाचवीत होतो. अंघोळीच्या बादलीत पडलं. पाणबुडीचंच पुस्तक, मला वाटलं बुडवून बघू... म्हणजे पडलं. मग वाळेना, म्हणून इस्त्री फिरवली." त्याने चष्मा काढून पुसला. "तेव्हा मोठ्या सरांचा नियम कडक होता. पुस्तक खराब केलं तर फळ्यावर नाव आणि वर्षभर वाचनालय बंद. कितीतरी मुलं एकदा नाव लागलं की परत या दारात पाऊल टाकायचीच नाहीत. मी दप्तरातून पुस्तक काढलं तेव्हा माझी वाचाच बसली होती. बाईंनी उघडलं, डाग बघितला. मला वाटलं आता कान गेला. तर म्हणाल्या, 'आजारी दिसतंय. रजेवर जाऊ दे. बदली येईल. तू तासाला पळ.'"

"बदली येईल?"

"हो. पुढच्या आठवड्यात पाणबुड्यांचं पुस्तक कपाटात होतं, नवं कोरं. मला वाटायचं शाळेत तशी सोयच असेल. एखाद्या बाई रजेवर गेल्या की बदली बाई येतात ना वर्गावर, तशी बदली पुस्तकं असतील कुठेतरी."

धाकटीच्या हातात अकराशे सत्तेचाळीसमधली चिठ्ठी होती. तिने ती त्याच्यासमोर धरली. त्याने वाचली. "म्हणजे बाईच पदरच्या पैशांनी नवं आणायच्या, त्यावर तोच नंबर घालायच्या आणि आजारी पुस्तक घरी न्यायच्या," तो म्हणाला.

"बदली बाई!" ती म्हणाली. "अरे देवा! बदली म्हणजे बदली बाई!"

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं..." तिला हसू फुटलं, आणि फुटलं ते थांबेचना. शिस्तीच्या वाचनालयात, 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली, बहात्तर वर्षांची बाई पोट धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला वाटलं, माझ्या नवऱ्यासारखी बदली! शाळेतून घरी! सामानासकट!"

ग्रंथपालाने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो एका दमात रिकामा केला, डोळे पुसले आणि पिशवीतून कागद काढला.

"एकाने भागणार नाही," ती म्हणाली. "हे त्रेसष्ट नंबर. सगळे दाखव."

"आत्ता? मावशी, माझा विश्वास आहे हो."

"माझा नाही ना. मी बहीण आहे तिची. दाखव."

मग दीड तास तो शिडीवर चढत-उतरत राहिला आणि ती कागदावर खुणा करत राहिली. चोपन्न पुस्तकं कपाटात सापडली, बाईंच्या अक्षरातल्या नंबरासकट. सहा पुढे कधीतरी जीर्ण झाली म्हणून रीतसर काढून टाकली होती, रजिस्टरात तशी नोंद होती. म्हणजे तोवर ती शाळेत होतीच. दोन मुलांनी घरी नेली होती, एक सातवीतल्या मुलीने, एक शिपायाच्या नातवाने. कागदावर एकच नंबर खुणेवाचून राहिला. तो तिने मुद्दाम शेवटी विचारायला ठेवला होता. तिने दुसरं पुस्तक पिशवीतून काढलं, 'बदली मिळेना'वालं.

ग्रंथपालाने नंबर वाचला. "हे होय! हे तर आमचं लाडकं." तो खालच्या कप्प्यातून एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आला. कापडी पाठ, कडा मऊ पडलेल्या. उघडली तर आत छापील अक्षरच नव्हतं. सगळं पुस्तक हाताने लिहून काढलेलं होतं, ओळीवर ओळ, एक खाडाखोड नाही. बाजारात ते पुस्तक मिळेना, तेव्हा ताईने कुठून तरी धड प्रत मागून आणली असेल आणि रोज थोडं थोडं उतरवलं असेल. चित्रंही काढली होती. धाकटीने वही जवळ धरली, लांब धरली.

"ही म्हैस आहे का रे?"

"हत्ती आहे. सोंड बघा ना."

"ती सोंड? मला वाटलं शेपूट."

"मुलं पैज लावतात त्या चित्रावर. म्हणून तर सारखी नेतात." त्याने मागचं पान उलटलं. तारखांचा कागद भरला की त्यावर दुसरा चिकटवलेला, त्यावर तिसरा, असा बोटभर थर झाला होता. सगळ्यात वरची तारीख गेल्या सोमवारची. "मी इतकी वर्षं समजत होतो, शाळेच्या कुठल्या तरी हस्तलिखित उपक्रमातलं असेल. बाईंनी कधी अवाक्षर काढलं नाही."

धाकटी खुर्चीत मागे टेकून बसली. कालपासून छातीवर कुणीतरी खोकं ठेवलं होतं ते उचललं गेलं, आणि त्याच क्षणी तिला जाणवलं की आपल्याला सडकून भूक लागलीय. कालपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं.

"ताईला चित्रकला कधीच आली नाही," ती समाधानाने म्हणाली. ताईला एक गोष्ट येत नव्हती, ही गेल्या दोन दिवसांतली सगळ्यात चांगली बातमी होती.

"मावशी, शनिवारी हे सांगाल ना?"

"सांगणार तर. आधी हे सांगणार की मी दोन दिवस तिला चोर समजले."

"अहो, ते नको! मोठे सर येणार आहेत पहिल्या रांगेत, ब्याण्णव वर्षांचे. त्यांचा नियम मोडला हेही कळेल त्यांना."

"कळू दे. आता काय नाव लावतात का फळ्यावर? आणि तू उठून इस्त्रीचं सांगायचंस. मी एकटी नाही नाक कापून घेणार."

ग्रंथपालाने नाही नाही म्हणत मान डोलावली, म्हणजे तो सांगणार हे ठरलं.

घरी येताना उन्हाचा रस्ता होता, पण तिने बस घेतली नाही. चालत निघाली आणि कुणी बघत नाही असं पाहून ताईची चांगली खरडपट्टी काढली. "काय ग, मराठी शिकवायचीस ना? मुलांनी एका शब्दात उत्तर लिहिलं तर अर्धा गुण कापायचीस. पूर्ण वाक्यात लिहा, पूर्ण वाक्यात लिहा! आणि स्वतः? 'बदली'! पुढे एक 'आणली' लिहिलं असतंस तर शाई संपत होती का? माझं मेलीचं काय झालं असतं? फाडली असती ना पानं मी!" समोरून येणाऱ्या पोस्टमनने रस्ता सोडून तिला वाट दिली.

घरी पोचल्यावर तिने आधी जेवायला वाढून घेतलं. दोन घास पोटात गेल्यावर लेकीला फोन केला.

"आई, काय झालं? मला काल झोप नाही लागली."

"काही झालं नाही. उद्या गाडी येऊ दे. ये तू खोकी बांधायला."

"पण ती पुस्तकं..."

"ती वरच ठेवायची. सगळ्यांना दिसतील अशी. आल्यावर सांगते, आता भाजी गार होतेय," असं म्हणून तिने फोन ठेवला, ताट जवळ ओढलं आणि जेवून झाल्यावर पंखा लावून दुपारचे दोन तास ढाराढूर झोपली.